कोल्हापुरात रोम किती?

कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात तो उभा आहे. उंची वीतभरही भरत नाही. अंगावर वस्त्र नाही, दाढी दाट, एक हात डोक्याच्या वर गेलेला आणि त्या मुठीत काहीच नाही. कधीकाळी त्या हातात त्रिशूळ होता. हा ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन, रोमन लोकांचा नेपच्यून. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात तो सापडला. अंगाला किंचित पीळ देऊन, एका पायावर भार टाकून तो अशा ऐटीत उभा आहे की आपल्याकडच्या कुठल्याच मूर्तीशी त्याचं नातं लागत नाही.

मी मलकापूरचा. शाळेत इतिहास शिकवत होतो तेव्हा सहल कोल्हापूरला नेली की अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस आणि वेळ उरला तर टाउन हॉल असा आमचा ठरलेला क्रम. एका वर्षी एक पोरगा त्या काचेपुढून हलेना. हा समुद्राचा देव आहे, असं मी सांगितल्यावर त्यानं विचारलं, ‘‘समुद्राचा म्हणता सर, मग घाट चढून आला कशाला?’’

मलकापूरच्या पोराला हाच प्रश्न पडणार. रत्नागिरीकडून आंबा घाट चढून आलेला प्रत्येक ट्रक आमच्या दारावरून कोल्हापूरला जातो. कोकणातून वर काही आणायचं म्हणजे काय, हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. खाली समुद्र, वर देश आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. दोन हजार वर्षांपूर्वी इटलीत किंवा इजिप्तमध्ये ओतलेला एक देव ती भिंत ओलांडून पंचगंगेपर्यंत आला. कोणी आणला, कशासाठी आणला आणि त्याच्यामागे आणखी किती रोम आलं, या प्रश्नांवर गेली ऐंशी वर्षं काम चाललं आहे. त्या कामाचा, आणि ते करणाऱ्या माणसांचा, हा हिशेब.

आधी एक गोष्ट सरळ सांगून टाकतो. युरोपात ‘रोमन पुरातत्त्वज्ञ’ हा आयुष्यभराचा पेशा असतो. एखादा माणूस तरुणपणी एका किल्ल्याच्या भिंतीवर खणायला लागतो आणि तिथेच म्हातारा होतो. आपल्याकडे तशी सोय नाही, कारण महाराष्ट्रात रोमन गाव नाही, रोमन छावणी नाही, रोमन रस्ताही नाही. आहे ते सातवाहनांच्या गावात सापडलेलं एखादं खापर, एखादं भांडं, एखादा मणी. त्यामुळे इथला रोमचा अभ्यासक म्हणजे दुसऱ्याच्या घरात पाहुण्याच्या खुणा शोधणारा माणूस. माझ्या मते त्याची खरी कसोटी रोमन काय हे ओळखण्यात नाही, ‘हे रोमन नाही’ असं म्हणण्याची हिंमत दाखवण्यात आहे.

ब्रह्मपुरीचं नाव रोमच्या संदर्भात येण्याच्या आधीच कोल्हापूरचं नाव आलं होतं. 1877 च्या सुमारास इथल्या एका जुन्या स्तूपाच्या पोटात स्फटिकाची अस्थिपेटी मिळाली. सोबतच्या दगडावर ब्राह्मी अक्षरांत लिहिलेलं होतं, की हे दान बम्ह नावाच्या माणसाचं आणि ते घडवून घेतलं धमगुतानं. याच परिसरात शिशाची जाड नाणी मिळू लागली. एका बाजूला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला डोंगरासारखी कमानींची रास, आणि राजांची नावं अशी की उच्चारताना जीभ अडखळावी: वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर, गोतमीपुत विळिवायकुर.

रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी इथे एक धागा जुळवला. इसवी सन 150 च्या सुमाराचा अलेक्झांड्रियाचा भूगोलकार टॉलेमी लिहितो, की पैठण ही ‘सिरो पोलेमायोस’ची राजधानी आणि ‘हिप्पोकुरा’ ही ‘बालेओकुरोस’ची. पहिला तर उघडच श्रीपुळुमावी. दुसरा म्हणजे नाण्यावरचा विळिवायकुर, असं भांडारकरांनी सुचवलं. हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूरच असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण नाणी इथेच इतकी सापडतात की नजर इकडे वळतेच. नाईल नदीच्या मुखाशी बसलेल्या एका ग्रीकानं आपल्या भागातल्या राजाचं नाव, वेडंवाकडं का होईना, कागदावर उतरवलं होतं. हेही एक रोमच, फक्त कानावरून आलेलं.

दुसरा वाद ‘तगर’चा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या खलाशी-व्यापाऱ्याच्या वहीत लिहिलं आहे, की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे, आणि तिथून जाडंभरडं कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोचला जाते. हे तगर कुठलं? कोणी देवगिरी म्हणालं, कोणी जुन्नर, कोणी धारूर. फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं तर सुरुवातीला कोल्हापूरचंच नाव पुढे केलं होतं. शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत आणि त्यांची एक शाखा कोल्हापुरावर राज्य करत होती, तेव्हा कल्पना अगदीच हवेतली नव्हती. पुढे 1901 मध्ये त्याच फ्लीटनं आपलं मत बदललं आणि धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे तगर हे दाखवून दिलं. आज त्याबद्दल कोणी भांडत नाही. स्वतःचंच आधीचं मत मोडायला निघालेल्या अभ्यासकाबद्दल मला नेहमी आदर वाटतो. या क्षेत्रात तो गुण फार लागतो.

आता 1944-45. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर पहिली निगुतीनं चाळणी लावणारा माणूस पुरातत्त्वज्ञ नव्हता. ते होते राजाराम कॉलेजातले कन्नडचे प्राध्यापक के. जी. कुंदणगार. शिलालेख वाचणं ही त्यांची आवड. कोल्हापूर संस्थान आणि उत्तर कर्नाटकातल्या शिलालेखांवरचं त्यांचं पुस्तक 1939 मध्ये आलेलं होतं. त्यांच्या खणण्यात एका जुन्या घरातून ब्राँझच्या वस्तूंचा साठा हाती आला. अभ्यासक आजही त्याला ‘कुंदणगार संचय’ म्हणतात. त्यात आपल्याकडची भांडी होती, हत्तीवर बसलेल्या माणसांचं एक देखणं ओतीव शिल्प होतं, आणि त्यांच्यातच हा पोसायडन, मूठ असलेली एक सुरई, एक आरसा आणि पर्सियस व अँड्रोमिडाची कथा उठावात कोरलेली एक गोल तबकडी. म्हणजे एकाच घरात हत्तीही आणि ग्रीक पुराणही. कन्नडच्या प्राध्यापकानं मराठी मुलखात रोमन देव शोधून काढला, ही गोष्ट मी वर्गात सांगितली की मुलं हसत. मी म्हणत असे, हसू नका, कोल्हापूर असंच आहे.

त्या पाठोपाठ 1945-46 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजची तुकडी आली. हसमुख धीरजलाल सांकळिया आणि मोरेश्वर गंगाधर दीक्षित. त्यांचा अहवाल 1952 मध्ये छापून आला. त्यांनी विटांची घरं थरावर थर सोलून काढली, सातवाहन काळातलं नांदतं गाव दाखवलं आणि पुढे मधल्या मोठ्या खंडानंतर बहामनी काळात तिथे पुन्हा वस्ती झाल्याचं दाखवलं. त्या वरच्या थरात काचेच्या रंगीत बांगड्यांचे तुकडे भरपूर. लोकांच्या लक्षात मात्र राहिला तो पोसायडन. साहजिकच आहे. बांगडीच्या तुकड्याचा फोटो वर्तमानपत्रात कोण छापतो?

सांकळियांची वाट कोल्हापूरपर्यंत कशी आली हे पाहण्यासारखं आहे. जन्म 1908 चा, मुंबईचा. पीएच.डी.साठी लंडनला गेले आणि तिथे असताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कॅसल या प्राचीन किल्ल्यावर उत्खनन शिकले. व्हीलर हे रोमन ब्रिटनचे माणूस. वेल्समधली रोमन छावणी, लंडनच्या उत्तरेकडचं व्हेरुलेमियम हे रोमन शहर ही त्यांची आधीची कामं. चर खणताना त्याची बाजू उभी, स्वच्छ ठेवायची आणि मातीचा प्रत्येक थर चिठ्ठी लावून वेगळा करायचा ही त्यांची शिस्त. सांकळिया 1939 मध्ये डेक्कन कॉलेजात रुजू झाले आणि 1944 मध्ये व्हीलरच भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होऊन आले. म्हणजे ब्रह्मपुरीच्या चरात जी शिस्त उतरली ती रोमन स्थळांवर तयार झालेली होती. मला विचाराल तर कोल्हापुरात आलेलं सगळ्यात टिकाऊ रोम हेच, थर वाचायची पद्धत.

व्हीलर स्वतः 1945 मध्ये पाँडिचेरीजवळच्या अरिकामेडूला गेले. इटलीतल्या अरेत्झो गावच्या तांबड्या, शिक्का मारलेल्या ताटवाट्या तिथे खणताना निघाल्या. त्या भांड्यांची कालगणना युरोपात पक्की माहीत होती. तेव्हा व्हीलरनी हिशेब मांडला, की ज्या थरात हे खापर तो थर पहिल्या शतकाचा, आणि त्या थरातली बाकीची भारतीय भांडीही त्याच वयाची. आपल्या मडक्यांना वय मिळालं ते असं परदेशी खापराच्या आधारानं. पुढे 1954 मध्ये आलेल्या रोमन साम्राज्याच्या सीमेपलीकडच्या व्यापारावरच्या त्यांच्या पुस्तकातही कोल्हापूरचा हा संचय येतो. पोसायडन जगाच्या नकाशावर गेला.

यातून एक खोडही जडली. ‘रोमशी व्यापार’ असा मथळा एकदा मिळाल्यावर पुढची तीस-चाळीस वर्षं प्रत्येक उत्खननात रोम शोधलं गेलं. चकचकीत तांबडं खापर दिसलं की रोमचा प्रभाव, टोकदार बुडाचा तुकडा दिसला की रोमन मद्याचा कुंभ. अरिकामेडूचाच पुढचा इतिहास पाहा. विमला बेगली यांनी 1980 च्या दशकात ते सगळं साहित्य पुन्हा तपासलं आणि नंतर तिथे नव्यानं उत्खनन केलं. गाव रोमन लोक येण्याच्या आधीपासून होतं, ते गेल्यावरही राहिलं, आणि आतल्या बाजूला चाकानं नक्षी उमटवलेली ती नाजूक करडी ताटं रोमन नव्हेत, इथलीच, असं त्यांनी मांडलं. त्या ताटांची माती बंगालमधल्या चंद्रकेतुगड-ताम्रलिप्ती भागाशी जुळते असं 1997 मध्ये डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी क्ष-किरण तपासणीच्या आधारे सांगितलं. त्या निष्कर्षावर पुढे चर्चा झाली, अजून होते. पण प्रश्न रोमकडून बंगालकडे वळला, ही वळणाची जागा महत्त्वाची.

बेगली आणि रिचर्ड डी पुमा यांनी 1991 मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात कोल्हापूरच्या ब्राँझवर डी पुमांचा स्वतंत्र लेख आहे. त्याआधी 1960 मध्ये कार्ल खंडालावालांनी ‘ललित कला’मध्ये या संचयाची चिकित्सा केली होती. दोन्ही मिळून निष्पन्न इतकंच, की साठ्यातल्या मोजक्याच वस्तू बाहेरच्या. बाकी सगळं काम आपल्या कारागिरांचं. सगळा संचयच ‘रोमन’ म्हणून ओळखला जातो, प्रत्यक्षात रोम त्यात चिमूटभर आहे.

इथे दीक्षितांबद्दल थोडं थांबून लिहावंसं वाटतं, कारण आपल्याकडे त्यांचं नाव सांकळियांच्या सावलीत राहिलं. ब्रह्मपुरीच्या अहवालावर दुसरं नाव त्यांचं. पण त्यांची नजर पुतळ्यावर खिळली नाही, ती मण्यांवर आणि काचेवर गेली. अकीक किंवा कार्नेलियनच्या मण्यावर क्षाराच्या लेपानं पांढऱ्या रेघा काढून तो भाजायचा, या कारागिरीवर 1949 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. मग त्रिपुरी, सिरपूर, विदर्भातलं कौंडिण्यपूर, अशी उत्खननं करत ते फिरले. शेवटी 1969 मध्ये मुंबई विद्यापीठानं छापलेला भारतीय काचेचा इतिहास. मणी ही वस्तू अशी, की ती चाळणीत नीट पाहिली नाही तर मातीबरोबर फेकली जाते. आणि व्यापाराचा पुरावा म्हणून पुतळ्यापेक्षा मणी जास्त बोलका. पुतळा एकदाच येतो, कोणाच्या तरी हौसेनं. मणी पोत्यानं जातात. पेरिप्लस सांगतो की पैठणहून गोमेदासारखा दगड भडोचला मोठ्या प्रमाणावर जाई. रोमनं इथून काय नेलं हे कळायचं असेल तर दीक्षितांच्या वाटेनं जावं लागतं. रोमनं इथे काय टाकलं, यावर नजर ठेवणाऱ्यांना नाव जास्त मिळालं, एवढंच.

सांकळियांनी तर रोम लवकरच मागे टाकलं. नेवाशाला 1954 पासून त्यांनी खणायला घेतलं. तिथे सातवाहन थरात भूमध्य सागरी कुंभांची खापरंही आली, पण त्यांचं मन रमलं ते खालच्या ताम्रपाषाणयुगात आणि त्याहून जुन्या दगडी हत्यारांत. 1978 साली आलेल्या आत्मचरित्राचं नावच त्यांनी असं ठेवलं, की आपला जन्मच पुरातत्त्वासाठी होता. त्या आयुष्यात ब्रह्मपुरी हा एक हंगाम. रोमवर कारकीर्द उभी करण्याइतका माल इथल्या मातीत नाही, हे त्यांच्या फार आधी लक्षात आलं असावं.

तेरची कथा वेगळी, कारण तिथे वाहतूक उलट दिशेची आहे. गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षं पांढरीत सापडणाऱ्या वस्तू जमवल्या आणि त्या संग्रहातून आजचं तेरचं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. 1938 मध्ये इटलीत पाँपेईच्या राखेखालून अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला हस्तिदंताचीच एक मूर्ती मिळाली, दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दोन दासी. ती भारतातली हे एका नजरेत कळतं. पाँपेई गाडलं गेलं इसवी सन 79 मध्ये, म्हणजे त्याआधीच ही बाई समुद्र ओलांडून गेली होती. पहिल्यांदा तिला लक्ष्मी म्हटलं गेलं. आता ती यक्षी असावी, आणि आरशाची मूठ किंवा फर्निचरचा पाय असावी, असं अनेक जण मानतात. तिच्या घराण्यातली मूर्ती तेरला आणि तशीच दुसरी जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथे 1973 मध्ये शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी खणलं. तेरला 1958 मध्ये चापेकरांनी उत्खनन केलं होतं. पाँपेईच्या बाईचं माहेर मराठवाड्यातच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, तिच्यावर खरोष्ठी अक्षर आहे आणि ते वायव्येकडे बोट दाखवतं. तरी कोल्हापूरला आलेला पोसायडन आणि इटलीला गेलेली ती बाई यांना शेजारी ठेवून पाहिलं की एक गंमत कळते. दोघांनाही परक्या घरात लोकांनी शोभेची वस्तू म्हणून ठेवलं, देव म्हणून नव्हे.

‘यवन’ म्हणजे नक्की कोण, हेही असंच छातीठोकपणे सांगता येत नाही. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची दानं कोरली आहेत. नावं कोणती? सिंहध्वज, धर्म. जुन्नरला यवन इरिल, चिट, चंद. नाशिकला एक योनक, इंद्राग्निदत्त. यांच्यातले रोमन किती, भारतात जन्मलेले ग्रीक किती आणि नुसते ‘यवन’ म्हणवून घेणारे किती, हे नावावरून ठरत नाही. बुद्धाच्या संघाला खांब देणारा माणूस कुठला, यापेक्षा तो कुणाबरोबर व्यापार करत होता हे त्याला स्वतःला जास्त महत्त्वाचं वाटत असणार.

आता खापराकडे येतो, कारण माझ्या मते गेल्या वीस वर्षांत सगळ्यात मोठी उलथापालथ तिथे झाली.

काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. उसाच्या शेतात पाइपलाइनचा चर मारताना त्याला जाड खापराचा तुकडा मिळाला होता, तळाकडे निमुळता. त्यानं मोबाइलवर चित्रं पाहून ठेवलेली. ‘‘सर, रोमनच आहे, पैज लावा.’’ मी तुकडा हातात घेतला, पाण्यानं धुतला, तुटलेली कड उन्हात धरली. आत भुशाच्या जळून गेलेल्या काड्यांच्या बारीक पोकळ्या, वर हाताच्या बोटांचे ठसे. आपल्या कुंभारानं घडवलेल्या रांजणाचं बूड. त्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, बाबा, पुण्याच्या आणि परदेशच्या मोठमोठ्या लोकांनाही हा चकवा बसला आहे.

खरंच बसला होता. दोन कानांचा, लांबट मानेचा, टोकदार बुडाचा मद्याचा किंवा तेलाचा कुंभ, ज्याला अँफोरा म्हणतात, त्याचे तुकडे महाराष्ट्रात आणि गुजरातेत बऱ्याच ठिकाणांहून नोंदले गेले होते. लंडनच्या रोबर्टा टोंबर यांनी भारतातल्या संग्रहांत बसून ही खापरं एकेक करून पुन्हा हाताळली. 2007-08 च्या त्यांच्या लेखनानं सिद्ध केलं, की यातली पुष्कळशी खापरं रोमन नाहीतच. ती आहेत इराक-इराणकडच्या मातीच्या लांबट कुंभांची, ज्यांना आकारामुळे ‘टॉर्पेडो’ म्हणतात. त्यांना कान नसतात आणि आतून डांबराचा काळा लेप असतो. रोमन कुंभ मात्र कानांचा; आणि नेपल्सजवळ घडवलेल्या कुंभाच्या कडेत व्हेसुव्हियस परिसरातल्या ज्वालामुखी वाळूचे काळे कण चमकतात. आपलं दख्खनचं पठारही ज्वालामुखीच्याच दगडाचं असल्यानं, नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवून चालत नाही. खापराचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

याचा अर्थ काय? आपल्या किनाऱ्यावरचा व्यापार कमी झाला नाही, उलट वाढला. फक्त तो एकट्या रोमचा राहिला नाही. त्यात इराणच्या आखातातले लोक आले, अरब आले, आणि रोमचा भर ओसरल्यानंतरही कित्येक शतकं तो चालू राहिला. रोमशी व्यापार बुडाला म्हणून सातवाहनांची गावं ओस पडली, असं समीकरण रामशरण शर्मांच्या 1987 मधल्या नगरांच्या ऱ्हासावरच्या पुस्तकानंतर पाठ्यपुस्तकांपर्यंत गेलं. मीही ते शिकवलं, कित्येक वर्षं. आता ते इतकं सरळ शिकवता येणार नाही.

समुद्रापलीकडून मात्र पुरावा वाढतोच आहे. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात एका भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी जशीच्या तशी सापडली, आणि भारतीय सागवानाच्या फळ्याही. केरळात पट्टणमला 2007 पासूनच्या उत्खननात भूमध्य सागरी कुंभांची खापरं मोठ्या संख्येनं निघाली. तिथल्या मानानं आपली बाजू हलकी आहे हे मान्य करायला हवं. तमिळ मुलखात रोमन सोन्याचे हंडे निघतात, आपल्याकडे फार थोडे.

मग घाटाचा प्रश्न. पेरिप्लसमध्ये कल्याण, सोपारा, चौलनंतर दक्षिणेकडे मंदगोरा, पालैपत्मै, मेलिझैगरा, बिझँटिऑन अशी नावं एकामागून एक येतात. यांच्या जागा ठरवण्यात दीडशे वर्षं गेली. कोणी जयगड म्हणतं, कोणी राजापूर, कोणी विजयदुर्ग. गोगट्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रायगड जिल्ह्यातल्या खाड्या प्रत्यक्ष चालून पाहिल्या, चौलला खणलं, कुडा लेण्याजवळच्या मांदाडकडे मंदगोरा म्हणून लक्ष वेधलं. किनारा नुसत्या नावांवरून न वाचता चिखलात पाय घालून वाचायचा, हा त्यांचा धडा मला फार मोलाचा वाटतो. आता तेच काम राजापूर-विजयदुर्गच्या पट्ट्यात आणि घाटमाथ्यावर व्हायला हवं. आमच्याकडे आंबा घाट, त्याच्या दक्षिणेला अणुस्कुरा. दोन्ही वाटा जुन्या. मध्ययुगात विशाळगड त्यांच्यावर नजर ठेवून होता. सातवाहन काळात वाहतूक नक्की कुठून होती, हे मात्र घाटाच्या पायथ्याच्या आणि माथ्याच्या पांढरी मोजल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. नाणेघाटात लेख आहे, लेणं आहे, म्हणून नाणेघाट प्रसिद्ध. आमच्या घाटांत कोणी काही कोरून ठेवलं नाही.

आणि एक शक्यता अशी, की पोसायडन आमच्या घाटानं आलाच नसेल. भडोचला उतरून, पैठण-तेरच्या गाडीवाटेनं, हातोहात विकला जात तो दक्षिणेकडे सरकला असेल. कुंदणगारांना तो सापडला त्या घरातला साठा एखाद्या तांबटाचा किंवा धातूच्या व्यापाऱ्याचा असावा, असा एक तर्क आहे. मला तो पटतो. कारण हत्ती, आरसा, सुरई, तबकडी आणि देव यांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच दिसते, ती म्हणजे धातू. आपल्याकडे आजही तांबट मोडीत आलेली समई आणि घंगाळं एकाच कोपऱ्यात ठेवतो, वितळवायच्या आधी त्यातली देखणी वस्तू बाजूला काढतो. पोसायडनचा त्रिशूळ गेला आणि तो वाचला, याला कोण्या तांबटाचा डोळा कारण असेल, तर त्याचे उपकारच मानायचे.

धातूवरून शेवटी त्या शिशाच्या नाण्यांकडे जावंसं वाटतं. टाउन हॉलच्या पोसायडनपुढे सगळे थांबतात. कुर राजांच्या धनुष्यबाणाच्या नाण्यांपुढे फारसं कोणी थांबत नाही. एकावर दुसऱ्या राजाचा ठसा पुन्हा मारलेला असतो, आणि त्या ठशांवरच्या ठशांवरूनच या राजांचा क्रम अभ्यासकांनी लावला: आधी वासिठीपुत विळिवायकुर, मग सिवलकुर, मग गोतमीपुत विळिवायकुर. पण नाण्याचं शिसं आलं कुठून? रोमन लेखक प्लिनी सांगतो, की भारताकडे शिसं नाही आणि ते तो रत्नं व मोती देऊन घेतो. पेरिप्लसमध्येही भडोचला उतरणाऱ्या मालात तांबं, कथील आणि शिसं आहे. प्लिनीचं म्हणणं तंतोतंत खरं धरता येत नाही, कारण राजस्थानात झावर आणि आगुचाच्या खाणी त्याच्याही आधीच्या आहेत. म्हणजे ही नाणी एक तर अरवलीच्या शिशाची, किंवा स्पेनमध्ये खणून, जहाजाच्या तळात भरून, अर्धं जग ओलांडून आलेल्या शिशाची. दुसरं खरं ठरलं तर कोल्हापूरच्या बाजारात भाजी घेताना बायका रोजच्या रोज रोम हातात धरत होत्या, आणि त्यापुढे एक वीतभर पुतळा म्हणजे काहीच नाही.

शिशाच्या समस्थानिकांचं प्रमाण खाणीखाणीनुसार वेगळं असतं आणि ते मोजता येतं. त्यासाठी नाणं फोडावं लागत नाही. कडेची टाचणीच्या टोकाएवढी चिमूट पुरते.